सीमेपलीकडची स्पर्धा प्रकरणे: देशोदेशीच्या नियामकांमधील सहकार्य नवख्याने कसे समजून घ्यावे

जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मोटारींची सागरी वाहतूक करणाऱ्या चार जपानी कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. एखाद्या वाहन उत्पादकाचे काम ज्या जहाज कंपनीकडे आधीपासून आहे, तिच्याकडून ते इतरांनी ओढून घ्यायचे नाही, अशी या कंपन्यांमध्ये समजूत होती, आणि आदेशात तिचा उल्लेख 'आदराचा नियम' असा येतो. मोटारी वाहून नेण्याच्या याच धंद्यातील संगनमताबद्दल जपानच्या नियामकाने २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०१७ मध्ये आणि युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये आपापले निर्णय दिलेले होते. धंदा एक, कंपन्या बऱ्याच अंशी त्याच, आणि कायदे मात्र प्रत्येक देशाचे वेगळे. अशा प्रकरणांत हे नियामक एकमेकांशी काय बोलतात, काय बोलू शकत नाहीत आणि ते कशावर ठरते, हे समजून घेऊ पाहणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी, नव्या कंपनी सचिवांसाठी, कनिष्ठ वकिलांसाठी आणि अर्थविषयक वार्तांकन करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवात करणारे बहुतेक जण आंतरराष्ट्रीय करार वाचायला घेतात आणि तिथेच अडकतात. करार वाचावेत, पण ते नंतर. माझ्या मते या विषयाची खरी किल्ली दोन साध्या कागदांत आहे: पक्षकाराने दिलेले संमतिपत्र आणि प्रकरणाचे वेळापत्रक. खालच्या पायऱ्यांमध्ये या दोन गोष्टींना म्हणूनच जास्त जागा दिली आहे.

पायरी पहिली: अधिकार कोणाकोणाचा आहे, ते आधी लिहून काढा

कोणतेही प्रकरण हाती आले की पहिला प्रश्न हा की कोणकोणत्या देशांचे नियामक त्यात हात घालू शकतात. अमेरिकी न्यायालयाने १९४५ मध्ये अॅल्युमिनियम उद्योगासंबंधीच्या अल्कोआ खटल्यात असे तत्त्व मांडले की करार परदेशात झाला असला तरी त्याचा परिणाम देशातील बाजारावर व्हावा असा हेतू असेल आणि तसा परिणाम झालाही असेल, तर देशाचा कायदा त्याला लागू होऊ शकतो. याला 'परिणामांचे तत्त्व' म्हणतात. भारतात हे तत्त्व कायद्यात स्पष्टपणे यायला वेळ लागला. जुन्या एकाधिकार कायद्याखालील हरिदास एक्सपोर्ट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये असा निर्णय दिला की परदेशात झालेल्या करारापर्यंत एकाधिकार आयोगाचा हात पोचत नाही, त्या करारातून भारतात घडणाऱ्या प्रतिबंधक व्यवहारापुरताच त्याचा अधिकार आहे. त्यानंतर आलेल्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३२ ने ही चौकट रुंदावली. करार भारताबाहेर झाला असला, पक्षकार भारताबाहेर असला, वर्चस्व गाजवणारी किंवा विलीन होणारी कंपनी भारताबाहेर असली, तरी भारतातील संबंधित बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होत असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर आयोग चौकशी करू शकतो.

विलीनीकरणांच्या बाबतीत याच्या जोडीला उंबरठ्याचे आकडे, म्हणजे जे ओलांडल्यावर नियामकाला सूचना द्यावी लागते ते आकडे, पाहावे लागतात. मालमत्ता व उलाढालीचे निकष पूर्वीपासून होतेच. १० सप्टेंबर २०२४ पासून व्यवहारमूल्याचा निकषही लागू झाला असून, व्यवहार २,००० कोटी रुपयांपेक्षा मोठा असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात लक्षणीय कारभार असेल, तर आयोगाकडे सूचना द्यावी लागते. प्रत्येक देशाचा उंबरठा असाच वेगळा असतो, म्हणून एका कागदावर देश, लागू होणारा कायदा, निकष आणि सध्याचा टप्पा असे चार रकाने आखून ते भरावेत. पुढच्या सगळ्या कामाला हाच कागद पुरतो.

पायरी दुसरी: प्रकरण कोणत्या जातीचे आहे, ते ओळखा

विलीनीकरण, संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर या तीन प्रकारांत सहकार्याचे स्वरूप मुळातच वेगळे असते, आणि हे न ओळखल्याने नवख्यांचा फार गोंधळ होतो. विलीनीकरणात पक्षकारांनाच मंजुरीची घाई असते, त्यामुळे नियामकांनी आपसात बोलावे असे त्यांनाही वाटते आणि ते संमती सहज देतात. संगनमत गुपचूप चालते, त्यामुळे तेथे बोलण्याची दारे उघडतात ती प्रामुख्याने कबुली देण्यासाठी स्वतः पुढे आलेल्या कंपनीमुळे. वर्चस्वाच्या गैरवापराच्या प्रकरणात कंपनी शेवटपर्यंत लढते आणि तिला नियामकांनी एकत्र यावे असे मुळीच वाटत नाही. म्हणून तेथे गोपनीय माहितीची देवाणघेवाण सर्वांत कमी होते आणि चर्चा बहुधा बाजाराची व्याख्या कशी करावी, स्पर्धेला होणाऱ्या हानीची मांडणी कशी करावी अशा तात्त्विक मुद्द्यांपुरती राहते.

पायरी तिसरी: बोलण्याचा कायदेशीर आधार शोधा

भारतापुरता हा आधार स्पर्धा कायद्याच्या कलम १८ च्या परंतुकात आहे. केंद्र सरकारची पूर्वमान्यता घेऊन आयोग परदेशी नियामकाशी सामंजस्य करार किंवा तशीच अन्य व्यवस्था करू शकतो. त्यानुसार अमेरिकेच्या दोन नियामकांशी सप्टेंबर २०१२ मध्ये, युरोपीय आयोगाच्या स्पर्धा विभागाशी नोव्हेंबर २०१३ मध्ये, ब्रिक्स देशांच्या नियामकांशी मे २०१६ मध्ये आणि जपानच्या नियामकाशी ऑगस्ट २०२१ मध्ये करार झाले. एखादा सामंजस्य करार वाचताना तो काय देतो यापेक्षा काय देत नाही हे पाहावे. तो सूचना देण्याची, सल्लामसलतीची आणि अनुभवाच्या देवाणघेवाणीची वाट मोकळी करतो. कोणत्याही देशाच्या गोपनीयतेच्या कायद्याला तो ओलांडू शकत नाही.

याहून घट्ट व्यवस्था मोजक्याच आहेत. युरोपीय संघात १ मे २००४ पासून लागू असलेल्या नियमावलीमुळे सदस्य देशांचे नियामक एकमेकांना गोपनीय पुरावाही देऊ शकतात, आणि एका देशाचा नियामक दुसऱ्याच्या वतीने आपल्या हद्दीत झडती घेऊ शकतो. अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्यातील १९९९ चा करार आणि युरोपीय संघ व स्वित्झर्लंड यांच्यातील २०१३ चा करार याच दिशेचे आहेत. सगळ्या जगासाठी मिळून एक बंधनकारक करार करण्याचा प्रयत्न जागतिक व्यापार संघटनेत १९९६ च्या सिंगापूर परिषदेपासून झाला, पण २००४ मध्ये तो विषय वाटाघाटींतून वगळला गेला. आज या क्षेत्रातील बहुतेक समान पद्धती आंतरराष्ट्रीय स्पर्धा नेटवर्क, म्हणजे आयसीएन, या ऑक्टोबर २००१ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या जाळ्यातून येतात. सोळा नियामकांनी सुरू केलेल्या या जाळ्यात आज एकशे चाळीसहून अधिक सदस्य आहेत. त्याच्या शिफारशी कोणावरही बंधनकारक नाहीत, तरी त्या पाळल्या जातात, कारण त्या रोज प्रकरणे हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः लिहिलेल्या असतात.

पायरी चौथी: संमतिपत्र शब्दशः वाचायला शिका

येथे थोडे थांबावे लागेल. स्पर्धा कायद्याचे कलम ५७ सांगते की आयोगाला एखाद्या उद्योगाविषयी मिळालेली माहिती त्या उद्योगाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय, या कायद्याच्या किंवा अन्य कायद्याच्या प्रयोजनाखेरीज, उघड करता येणार नाही. अशा तरतुदी जवळजवळ प्रत्येक देशात आहेत. परिणामी, दिल्लीतील अधिकाऱ्याला ब्रुसेल्समधील, म्हणजे युरोपीय आयोगाच्या, अधिकाऱ्याशी कंपनीच्या गोपनीय आकड्यांविषयी मोकळेपणाने बोलायचे असेल, तर सामंजस्य करारापेक्षा अधिक उपयोगी पडते ती या लेखी परवानगीची एक-दोन पानेच. व्यवहारात तिला 'वेव्हर' म्हणतात.

वेव्हर दोन प्रकारचे असतात. प्रक्रियेपुरता वेव्हर असेल तर नियामकांना प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, पुढची मुदत कोणती, चौकशीचा साधारण रोख कोणता, एवढेच आपसात बोलता येते. पूर्ण वेव्हर असेल तर सादर केलेली माहिती आणि कागदपत्रे यांवरही चर्चा व देवाणघेवाण होऊ शकते. विलीनीकरणाच्या वेव्हरमधील मुख्य परिच्छेद साधारणपणे असा असतो:

"या व्यवहाराच्या संदर्भात आम्ही भारतीय स्पर्धा आयोगाला दिलेली गोपनीय माहिती व कागदपत्रे यांविषयी आयोगाने युरोपीय आयोगाच्या स्पर्धा विभागाशी, केवळ याच व्यवहाराच्या परीक्षणाच्या प्रयोजनासाठी, चर्चा व देवाणघेवाण करण्यास आमची संमती आहे. वकील व अशील यांच्यातील संरक्षित पत्रव्यवहार या संमतीतून वगळला आहे. संबंधित विभाग ही माहिती त्याला लागू असलेल्या गोपनीयतेच्या नियमांनुसार सांभाळेल, या गृहीतावर ही संमती दिली आहे."

यातील प्रत्येक तुकड्याला वजन आहे. 'केवळ याच व्यवहाराच्या' हे शब्द गाळले तर तीच माहिती एखाद्या वेगळ्या चौकशीत वापरण्यास आपण हरकत घेऊ शकू की नाही, याची खात्री राहत नाही. 'चर्चा' आणि 'देवाणघेवाण' हे दोन वेगळे शब्द आहेत. फक्त पहिला ठेवला तर कागद सरकत नाहीत, बोलणे तेवढे होते. संरक्षित पत्रव्यवहार वगळण्याचे कारण असे की वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला मिळणारे संरक्षण सर्वत्र सारखे नाही. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात स्पष्ट केले की कंपनीच्या नोकरीत असलेल्या वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला युरोपीय आयोगाच्या तपासात हे संरक्षण मिळत नाही. अमेरिकेत मात्र ते मिळू शकते. म्हणजे एका देशात जो कागद कुलूपबंद आहे, तोच दुसऱ्या देशात उघडा पडू शकतो, आणि हे भान मसुदा लिहितानाच ठेवावे लागते. आयसीएनने आणि अमेरिकी नियामकांनी वेव्हरचे नमुने प्रसिद्ध केलेले आहेत; ते समोर ठेवून, प्रत्येक वाक्य का आहे याची टिपणे समासात लिहीत एकदा वाचणे, हा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला अभ्यास आहे.

वेव्हर देणे ऐच्छिक आहे, हेही लक्षात ठेवावे. तो नाकारल्याबद्दल कोणी दंड करत नाही. पण नाकारल्यावर एकच माहिती प्रत्येक नियामक स्वतंत्रपणे मागतो, प्रश्नावल्या वाढतात आणि मंजुरी लांबते. शिवाय एका देशात बाजार मोठा दाखवायचा आणि दुसऱ्या देशात लहान, असे करणाऱ्या पक्षकाराची विसंगती आज ना उद्या उघडी पडते. भारतात चुकीचे निवेदन करणाऱ्या किंवा महत्त्वाचा तपशील दडवणाऱ्या पक्षकाराला २०२३ च्या दुरुस्तीनंतर पाच कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पायरी पाचवी: वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवा

नियामकांनी बोलावे असे सर्वांना वाटत असूनही ते बोलू शकत नाहीत, याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे एक नियामक निर्णयाच्या दारात असतो आणि दुसऱ्याकडे अर्जही आलेला नसतो. भारतात सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथमदर्शनी मत आणि एकूण १५० दिवसांत निर्णय, ही मुदत सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. त्याआधी एकूण मुदत २१० दिवसांची होती. युरोपीय आयोगाचा पहिला टप्पा २५ कामकाजाच्या दिवसांचा आणि सखोल चौकशीचा दुसरा टप्पा मुळात ९० कामकाजाच्या दिवसांचा असतो. अमेरिकेत पहिला प्रतीक्षाकाळ साधारणतः ३० दिवसांचा असतो. येथे 'दिवस' आणि 'कामकाजाचे दिवस' यांत गल्लत करू नये. ऑगस्टमध्ये किंवा नाताळाच्या सुमारास दाखल झालेल्या प्रकरणात हा फरक सहज काही आठवड्यांचा होतो.

म्हणून औपचारिक अर्जाच्या कितीतरी आधी, अर्जपूर्व सल्लामसलतीच्या काळातच, सर्व देशांच्या तारखा एका तक्त्यावर मांडाव्यात आणि सखोल चौकशीचे टप्पे शक्यतो एकाच सुमारास येतील असे अर्ज लावावेत. बातमीदाराने हाच तक्ता उलट बाजूने वापरावा. एका देशाचा निर्णय झाला आणि दुसऱ्याची चौकशी नुकती सुरू झाली, असे दिसले तर त्या दोघांत फार देवाणघेवाण झाली नसावी, असा अंदाज बांधता येतो.

पायरी सहावी: संगनमताच्या प्रकरणात रांगेतील जागा तपासा

संगनमताची कबुली देऊन सहकार्य करणाऱ्या कंपनीला दंडात सवलत देण्याची पद्धत बहुतेक देशांत आहे. भारतात कलम ४६ खाली पहिल्या अर्जदाराला १०० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत आणि त्यानंतरच्यांना ३० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. रांगेतील या जागेला 'मार्कर' म्हणतात. नवख्यांचा येथे एक मोठा गैरसमज असतो: एका देशात पहिले आलो म्हणजे सगळीकडे पहिले. सुरुवातीला सांगितलेले जहाज कंपन्यांचे प्रकरणच पाहावे. युरोपीय आयोगाने मित्सुई ओएसके लाइन्स या कंपनीला पूर्ण माफी दिली, कारण तेथे संगनमत सर्वांत आधी तिने उघड केले होते. भारतात मात्र पहिली जागा निप्पॉन युसेन काबुशिकी कैशाची होती आणि तिला १०० टक्के सवलत मिळाली. मित्सुई दुसरी असल्याने तिला ५० टक्के, तर निस्सान मोटर कार कॅरिअरला ३० टक्के सवलत मिळाली. अर्ज न करता राहिलेल्या के लाइनसह तीन कंपन्यांवर मिळून सुमारे ६३ कोटी रुपयांचा दंड बसला. जिला भारतात पूर्ण सवलत मिळाली, त्याच निप्पॉन युसेनला ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, आणि तेथील कार्टेलविषयक, म्हणजे संगनमताविषयीच्या, फौजदारी कायद्याखालची ती पहिली शिक्षा होती.

म्हणून अनेक देशांत व्यवसाय असलेल्या कंपनीचा वकील शक्यतो एकाच दिवशी, टोकियो उघडल्यावर तेथे, मग साडेतीन तास मागे असलेल्या दिल्लीत, मग ब्रुसेल्सला आणि शेवटी वॉशिंग्टनला अर्ज करतो. अर्ज तोंडी करण्याची मुभा अनेक ठिकाणी आहे आणि ती महत्त्वाची आहे. अमेरिकेत संगनमताची झळ बसलेल्या ग्राहकाला तिप्पट भरपाई मागता येते, आणि युरोपात लिहून दिलेला कबुलीजबाब अमेरिकेतील दिवाणी दाव्यात मागवला जाऊ नये म्हणून कंपन्या तो तोंडी देतात. याच कारणाने सवलतीच्या प्रकरणातील वेव्हर बहुधा तोंडी चर्चेपुरता असतो.

या बोलण्यातून काय साधते, ते २ मे २००७ रोजी दिसले. तेलवाहू जहाजातून तेल उतरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या उत्पादकांचे संगनमत तपासताना अमेरिकेत अटका झाल्या आणि त्याच सुमारास युरोपात व जपानमध्ये झडत्या सुरू झाल्या. एका ठिकाणी धाड पडल्याची बातमी दुसऱ्या खंडातील कार्यालयात पोचून कागद नष्ट होण्याआधी तेथेही अधिकारी पोचावेत, हा अशा समन्वयाचा हेतू. त्या प्रकरणातील तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या तडजोडीनुसार मायदेशी परतून तेथील फौजदारी कायद्याखाली गुन्हा कबूल केला.

पायरी सातवी: अटी एकमेकींशी जुळतात का, ते पाहा

विलीनीकरणाला मंजुरी देताना नियामक अटी घालतात. एका देशाने एक कारखाना विकायला सांगितला आणि दुसऱ्याने तोच ठेवायला, तर व्यवहारच कोलमडतो. बायर आणि मोन्सँटो यांचे २०१८ मधील विलीनीकरण या दृष्टीने मराठी वाचकाने अवश्य अभ्यासावे. युरोपीय आयोगाने मार्च २०१८ मध्ये सशर्त मंजुरी देताना, अमेरिकेखेरीज ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कॅनडा, चीन, भारत व दक्षिण आफ्रिका यांच्या नियामकांशी निकटचे सहकार्य केल्याचे जाहीर केले.  बायरच्या बियाणे व तणनाशक व्यवसायाचा मोठा भाग बीएएसएफ या एकाच खरेदीदाराकडे गेला आणि त्यातून अनेक देशांच्या चिंता एकदम मिटल्या. हे सहकार्याचे फळ.

पण भारताच्या चिंता तेवढ्याने संपत नव्हत्या. विदर्भ-मराठवाड्यात पेरल्या जाणाऱ्या बीटी कापसामागचे तंत्रज्ञान मोन्सँटोकडून आलेले, आणि जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीत, म्हणजे महिकोत, मोन्सँटोचा २६ टक्के हिस्सा होता. भारतीय आयोगाने हा हिस्सा विकण्याची अट घातली. शिवाय जनुकीय गुणधर्मांचे परवाने सात वर्षे न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर द्यावेत, आणि भारतातील शेती-हवामानविषयक माहिती लोकहिताच्या वापरासाठी सरकारला विनामूल्य मिळावी, असेही ठरवले. ब्रुसेल्सने किंवा वॉशिंग्टनने जालन्याचा विचार करावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. तो विचार दिल्लीलाच करावा लागतो. जागतिक मंजुरी आली म्हणून देशातील परीक्षण उपचारापुरते उरते, ही समजूत या एका उदाहरणाने खोडली जाते, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

पायरी आठवी: मतभेद झाल्यास काय, हे जाणून असा

जनरल इलेक्ट्रिक आणि हनीवेल या दोन अमेरिकी कंपन्यांच्या विलीनीकरणाला अमेरिकेने मे २००१ मध्ये अटींसह संमती दर्शवली, आणि युरोपीय आयोगाने ३ जुलै २००१ रोजी ते रोखले. दोन्ही नियामकांत १९९१ पासून सहकार्याचा करार होता आणि चर्चाही झाली होती. तरी हानीविषयीची दोघांची मांडणीच वेगळी होती, आणि अशा वेळी कोणताही करार एकाला दुसऱ्याचे ऐकायला भाग पाडत नाही. त्या करारात 'सकारात्मक सौजन्य' नावाची तरतूदही आहे: आपल्या निर्यातदारांना त्रास देणारा व्यवहार दुसऱ्याच्या हद्दीत घडत असेल, तर कारवाई करण्याची विनंती त्यालाच करायची. अमेरिकेने १९९७ मध्ये विमान आरक्षण प्रणालींच्या संदर्भात युरोपीय आयोगाला अशी औपचारिक विनंती केली होती. अशी उदाहरणे अगदी विरळ आहेत, आणि म्हणूनच या तरतुदीच्या अभ्यासात सुरुवातीलाच फार वेळ घालवू नये.

पायरी नववी: आदेशांत सहकार्याच्या खुणा शोधा

आता प्रत्यक्ष वाचन. युरोपीय आयोगाच्या विलीनीकरणाच्या प्रसिद्धिपत्रकात आंतरराष्ट्रीय सहकार्याचा परिच्छेद बहुधा उत्तरार्धात, अटींच्या तपशिलानंतर येतो आणि त्यात नियामकांची नावे असतात. भारतीय आयोगाच्या आदेशात सूचनेची तारीख, अतिरिक्त माहिती मागवल्याच्या तारखा आणि थांबवलेल्या मुदतीचा हिशेब प्रारंभीच्या परिच्छेदांत असतो. तो पाचव्या पायरीतील तक्त्यावर उतरवावा. गोपनीय आकड्यांच्या जागा सार्वजनिक प्रतीत रिकाम्या किंवा झाकलेल्या असतात. एका देशाच्या प्रतीत जो आकडा झाकलेला आहे, तो दुसऱ्या देशाच्या प्रतीत ढोबळ पट्ट्याच्या रूपात दिलेला असू शकतो, म्हणून दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात.

पहिल्या सरावासाठी जहाज कंपन्यांविषयीचा जानेवारी २०२२ चा भारतीय आदेश आणि फेब्रुवारी २०१८ चे युरोपीय प्रसिद्धिपत्रक घ्यावे. दोन्हींतून कंपन्यांची नावे, संगनमताचा कालावधी, सवलतीचा क्रम आणि दंड एवढेच चार रकान्यांत उतरवावे. मग प्रत्येक फरकापुढे तो तथ्यांतील फरक आहे, कायद्यातील आहे की केवळ अर्जाच्या तारखेतील, हे पेन्सिलीने लिहावे. एक पूर्ण दिवस यात जातो. दुसऱ्या दिवशी बायर आणि मोन्सँटोची कागदपत्रे काढावीत.